बंदरबाजूचं पाणी

चावीकाकांची चावी कुठल्याच कुलपाची नव्हती. छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर धरायला आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून ते रोज पहाटे घराबाहेर पडत. रस्त्यातली लोखंडी झाकणं आकड्याने उचलत, खाली चावी घालून व्हॉल्व्ह फिरवत, आणि मग शहराच्या नळांना पाणी येई. आधी वरची आळी, मग बाजार, मग दवाखाना आणि शेवटी बंदरबाजू. पाणी सुटलं की ते दांड्याला कान लावून उभे राहत. खरखर ऐकू आली तर अजून हवा निघतेय, आणि घुमल्यासारखा आवाज आला की नळ भरला. अशा वेळी कुणी हाक मारली तरी ते ओ देत नसत. शहरात नव्याने आलेल्यांना वाटे, म्हातारा भलताच शिष्ट दिसतो.

शिष्ट कसले! माणूस असा भिडस्त, की न्हाव्याने भलतीकडे भांग पाडला तरी तसाच घरी येई. आयुष्यात त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. साहेबाला नाही, शेजाऱ्याला नाही, दारात येणाऱ्या विक्रेत्याला तर नाहीच नाही. घरात कधी उपयोगी न पडलेले चार कंदील होते ते त्यामुळेच. "तुमच्या तोंडून एकदा 'नाही' ऐकलं की मी डोळे मिटायला मोकळी," असं त्यांची बायको, म्हणजे काकू, येताजाता म्हणायच्या. काका त्यावरही "बरं" म्हणायचे.

या स्वभावाचं खापर काकू आक्काच्या डोक्यावर फोडत. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आईबाप एकामागोमाग गेले तेव्हा काका चड्डीत होते आणि आक्का स्वतःच परकरी पोर होती. तिने चार घरची धुणीभांडी केली, भावाला वाढवलं, पाणीखात्यात चिकटवलं, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहिल्याशिवाय लग्नाला उभी राहिली नाही. तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. शेवटी बंदरावर दोर वळणाऱ्या एका शांत माणसाशी तिने संसार थाटला. तोही आता राहिला नव्हता. आक्का बंदरबाजूच्या आपल्या दोन खोल्यांत वाकड्या सुईने ताडपत्र्या शिवायची आणि केस पांढरे झालेल्या भावाला अजून 'बाळ' म्हणायची. रोज फेरी संपली की काका तिच्या पायरीवर घटकाभर टेकत. बोलणं फारसं व्हायचं नाही. ती सुई ओवायला त्यांच्याकडे द्यायची, ते ओवून परत द्यायचे.

सगळं कसं सरळ चाललं होतं. पण सरळ चाललेलं ज्यांना बघवत नाही अशी माणसं प्रत्येक देशात वरच्या मजल्यावर बसलेली असतात, तशी ती इथेही होती.

हा देश म्हणजे एक भलंमोठं कुटुंब समजा. राज्यं म्हणजे कर्ते झालेले भाऊ. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाचा कारभार वेगळा. पोलीस, जमीन, दवाखाने आणि पाणी ही ज्याची त्याने बघायची कामं. केंद्र म्हणजे वडील. सैन्य, चलन, रेल्वे, मोठी बंदरं अशा साऱ्या घराच्या गोष्टी त्यांच्या हातात. आणि मग काही केंद्रशासित प्रदेश. ती म्हणजे वडिलांनी आपल्याच ताटात जेवायला बसवलेली पोरं. त्यांना ना स्वतःची चूल, ना स्वतःचं मत. मिठाचा खडा हवा असला तरी वडिलांकडे बघायचं. वाटणी करताना घटना लिहिणाऱ्यांनी रात्रीचा दिवस केला होता म्हणतात. केला असेल. पण एका भावाच्या विहिरीवर दुसऱ्याच्या पोराने पाणी भरायचं की नाही, हे काही प्रत्येक वेळी लिहून ठेवता येत नाही.

झालं असं, की या शहराच्या बंदरावर शेजारच्या राज्याने हक्क सांगितला. आपलं राज्य म्हणालं, बंदर आमचं. ते म्हणाले, आमचं. भांडण हातघाईवर आलं तेव्हा केंद्राने बंदर आणि आजूबाजूच्या आळ्या दोघांच्याही हातून काढून घेतल्या आणि त्यांचा छोटासा केंद्रशासित प्रदेश केला. वर राजधानीतून एक प्रशासक पाठवून दिला. कुठल्याशा कचेरीत बसून कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, ती दोरवाल्यांच्या गल्लीच्या बरोब्बर मधून, मधल्या गटारावरून गेली. अलीकडे राज्य, पलीकडे प्रदेश. अलीकडे काकांचं घर, पलीकडे आक्काचं.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. पाकीटमार गटार ओलांडून पलीकडे उभा राही आणि अलीकडचा शिपाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसे. पलीकडच्या शाळेला सुट्टी असे तेव्हा अलीकडची पोरं खिडकीतून बघून चरफडत. हळूहळू गंमत ओसरली. आक्काच्या गल्लीतला दिवा गेला तर तो बदलायची परवानगी राजधानीहून येईपर्यंत निम्मी गल्ली अंधारात चाचपडे. प्रशासक वाईट नव्हता बिचारा. पण त्याच्या हातात सही करण्यापलीकडे काही नव्हतं, आणि काय सही करायची तेही दुसरेच ठरवत.

पाण्याचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टाकी टेकडीवर, राज्याच्या हद्दीत. बंदरबाजूचा व्हॉल्व्ह चौकात, हद्द म्हणून रस्त्यावर रंगवलेल्या रेघेच्या हातभर अलीकडे. काका राज्याचे नोकर. ते आपले पूर्वीसारखेच पहाटे चावी घालत होते, आणि पाणी कुणालाही न विचारता रेघेखालून पलीकडे जात होतं.

त्या उन्हाळ्यात तळ्याने तळ दाखवला आणि राज्याच्या मंत्र्यांना अचानक आठवलं, की पाणी हा आपला विषय आहे. प्रदेशाने रीतसर करार करावा, नाहीतर पाणी बंद. प्रशासक म्हणाला, करार करायला मी तयार आहे, पण मला तो अधिकार नाही, राजधानीला विचारतो. राजधानी म्हणाली, राज्याच्या विषयात आम्ही कसं पडणार, बघू. तिघांचंही बोलणं ज्याच्या त्याच्या जागी बरोबर होतं. अशा बरोबर माणसांनीच सामान्य माणसाच्या तोंडचं पाणी पळवलंय आजवर.

एका दुपारी पाणीखात्याच्या साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. साहेब काकांपेक्षा कितीतरी लहान, सज्जन, आणि तेव्हा घामाघूम झालेले.

"काका, उद्यापासून बंदरबाजू सोडायची नाही."

"दुरुस्ती आहे का साहेब?"

"दुरुस्ती नाही. हुकूम आहे. वरून आलाय."

काका थोडा वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. आक्का पलीकडे राहते, हे साहेबांना ठाऊक होतं. काकांनी ते बोलून दाखवलं नाही. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी ते आक्काकडे गेले आणि कुजबुजले, "आहे नाही ती भांडी भरून ठेव. कुणाला बोलू नकोस." आक्काने फक्त शेजारणीला सांगितलं, कुणाला न बोलण्याच्या बोलीवर. सकाळी बघावं तो बंदरबाजूच्या ओट्या-ओट्यावर घागरी, बादल्या, पातेली, एका ठिकाणी तर पोराला अंघोळ घालायची टोपलीएवढी परात, सगळी तुडुंब. त्या दिवसापासून नळाला पाणी आलं नाही.

पाणी बंद करायला काकांना काही करावंच लागत नव्हतं. रोज रात्री सगळे व्हॉल्व्ह बंदच असत. फक्त चौकातल्या झाकणाशी थांबायचं नाही, इतकंच. पण तेच कठीण होतं. पायांना त्या झाकणाशी थांबायची आणि हातांना ते उचलायची इतकी सवय, की पहिल्याच दिवशी त्यांनी आकडा अडकवला होता. म्हणून त्यांनी झाकणाच्या कडीला काकूंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली की हात मागे घ्यायचा.

पलीकडे टँकर येऊ लागला. कधी यायचा, कधी नाही. आला तर पाणी मचूळ, आणि रांगेत जो पुढे घुसेल त्याचं. आक्काच्या गुडघ्यांना घुसणं जमत नव्हतं. काकूंनी दोनदा कळशी भरून पलीकडे नेली. तिसऱ्या वेळी रेघेवरच्या शिपायाने अडवलं. पाणी राज्याबाहेर न्यायला बंदी झाली होती. काकूंनी त्याला त्याच्या खानदानासकट चार गोष्टी सुनावल्या आणि कळशी त्याच्या बुटांवर ओतून परत आल्या. काका पायरीवर रोज जातच होते. आक्का कधी एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटे. घरी येऊन ते ताटात नुसता हात फिरवत बसत.

आणि मग ती सकाळ उजाडली. कुणीतरी रागाने लाल चिंधी तोडून फेकून दिली होती. काका वरची आळी, बाजार, दवाखाना करत चौकात आले. डोक्यात काहीही नव्हतं. अनेक रात्री नीट झोप नव्हती, एवढंच. पाय थांबले, आकड्याने झाकण उचललं, चावी आत गेली, हात फिरले. कान दांड्याला लागला. खरखर, मग घुमल्यासारखा आवाज. नळ भरल्याची खात्री करून काका, रोजच्यासारखे, घरी गेले आणि अंघोळीला बसले.

अंगावर पहिला तांब्या घेतायत तोच काकू धावत आल्या. "अहो, काय केलंत हे!"

"काय केलं?"

"पलीकडे पाणी आलंय! माणसं रस्त्यात नाचतायत!"

काका ओल्या अंगाने तसेच बसून राहिले. तांब्या हातात, आणि तोंडाचा आ.

दुपारपर्यंत काका मोठे झाले होते. पलीकडचे लोक म्हणाले, अन्यायाला न जुमानणारा एकच मर्द निघाला. अलीकडचे म्हणाले, घरभेद्या. प्रशासकाने 'मानवतेचा विजय' असं काहीसं विधान केलं, अर्थात आधी राजधानीला विचारून. मंत्र्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि चौकशीला एक अधिकारी निघाला. या सगळ्यात काकांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. आक्का मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो. बहिणीला तहानलेली ठेवेल होय?" गेल्या कित्येक वर्षांत तिचा आवाज गल्लीने इतका मोठा ऐकला नव्हता.

चौकशी दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच खोलीत झाली. अधिकारी दमलेला, समजूतदार माणूस होता. त्याला हे प्रकरण मिटवून संध्याकाळची गाडी पकडायची होती.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "मुद्दाम उघडलात की चुकून? मुद्दाम असेल तर नोकरी राहणार नाही."

"चुकून," काका म्हणाले. खरं तेच होतं.

"किती वर्षं करताय हे काम?"

"मिसरूड फुटलं तेव्हापासून."

"मग हाताला सवय असणारच," अधिकारी मोकळा श्वास सोडत म्हणाला. "समज देऊन सोडतो. आजपासून पुन्हा बंद."

साहेबांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. काका सुटले होते. पण पाय घराकडे वळेनात. ही बातमी आक्काला दुसऱ्या कुणी सांगितलेली त्यांना चालणार नव्हती. ते थेट पलीकडे गेले.

आक्का ताडपत्री मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना बघताच तिचा चेहरा उजळला. "ये बाळ. फार बोलले का रे तुला?"

"नाही. आक्का, एक सांगायचंय." काका पायरीवर बसले नाहीत. "ते पाणी मी मुद्दाम नव्हतं सोडलं. चुकून सुटलं. सवयीने."

आक्काची सुई थांबली. "म्हणजे माझी आठवण आली म्हणून नव्हे?"

"नाही गं." भिडस्त माणसाला खोटंही धड बोलता येत नाही. "आठवण आली असती तर सोडलंच नसतं. हुकूम होता ना."

गल्लीतून कुणी बाई "आक्का, भाऊ आला वाटतं!" असं कौतुकाने ओरडून गेली. आक्काने तिला हात केला. मग गुडघ्यांवर जोर देत ती उठली, आत गेली आणि घागरीत पेला बुडवून घेऊन आली.

"घे. उन्हातून आलायस."

"नको आक्का. तुलाच पुरायचं नाही."

"पी," ती म्हणाली. "तुझ्याच हातचं आहे."

ती टोचून बोलली नव्हती. आक्काला टोचून बोलता येतच नसे. पण काकांना ते पाणी जड गेलं. त्यांनी पेला कसाबसा संपवला, कारण तिच्यासमोर पाणी टाकायची हिंमत नव्हती, आणि परत येताना गटारावरून उडी मारायच्या ऐवजी त्यातच पाय घातला.

त्या रात्री काकूंनी विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "काही नाही." मग थोड्या वेळाने अंधारातच म्हणाले, "ती समजत होती की मी तिच्यासाठी केलं."

"मग?"

"मला तसं सुचलंसुद्धा नव्हतं. तेच वाईट वाटतंय."



पहाटे काका नेहमीप्रमाणे उठले. वरची आळी केली, बाजार केला, दवाखान्याला पाणी पोचलंय याची दोनदा खात्री केली. चौकात आले तेव्हा ते पूर्ण जागे होते. झाकणाला नवी चिंधी बांधलेली होती. काल संध्याकाळी त्यांनीच बांधली होती. त्यांनी ती सोडली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि झाकण उचललं. एवढ्या वर्षांत त्या व्हॉल्व्हवर त्यांची चावी कधी चुकली नव्हती. आज ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. ती फिरवताना त्यांना मंत्री आठवले, साहेब आठवले, जवळ आलेली निवृत्ती आठवली, आणि आक्काच्या मांडीवर थांबलेली सुई. सगळं आठवत असतानाच त्यांनी व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडला.

मग ते अंघोळीला घरी गेले नाहीत. चावी खांद्यावर टाकून सरळ साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. साहेबांनी डोळे चोळत दार उघडलं.

"साहेब, परवा चुकून सुटलं होतं," काका म्हणाले. "आज मी सोडलंय. ही चावी."

साहेबांनी चावीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "काका, आता मला वर कळवावं लागेल. लगेच माणूस पाठवून बंद करावं लागेल."

"हो."

"आणि तुमचं..."

"ठाऊक आहे."

साहेब दारात घुटमळले. त्यांनी चावी घ्यायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

"काका, मी अजून उठलेलो नाही," ते हळूच म्हणाले. "मला सकाळी उठायला फार उशीर होतो. तोवर बसा बाहेर." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काका पायरीवर बसले. चावी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. उद्यापासून ही फेरी दुसरं कुणी करणार होतं, याचं त्यांना वाईट वाटत होतं, अगदी रडू येण्याइतकं. खालच्या अंगाने, रेघेच्या पलीकडून, बादल्यांचा आवाज यायला लागला होता. एवढ्यात आक्का उठली असेल, घागरी नळाखाली लावत असेल, आणि आज कुणी तिला विचारलं तर तिने सांगितलेलं खरं असेल. साहेबांना आज जाग जितकी उशिरा येईल तितकी बरी, असं मनाशी म्हणत काका मुकाट्याने बसून राहिले.